नांदेड–मुदखेडची अर्धदिवसाची फेरी : एक परीक्षण

नांदेडाहून मुदखेडच्या वाटेवरील गोदातीरचीं स्थळें अर्ध्या दिवसांत दाखवून आणणाऱ्या फेऱ्या आतां नेहमींच्या झाल्या आहेत. पोथ्या, कागद व ताम्रपट यांच्या परीक्षणास वाहिलेल्या पृष्ठांत मोटारींतून होणाऱ्या सहलीचें परीक्षण कशास, असें कोणी विचारील. परंतु सामान्य माणसास इतिहास हल्लीं जितका ग्रंथांतून कळतो त्याहून अधिक वाटाड्याच्या तोंडून कळतो. ग्रंथांतील चुकीस निदान पृष्ठांक असतो. वाटाड्याच्या चुकीस तोही नसतो. ती ऐकणाराबरोबर त्याच्या गांवीं जाते, तेथें एखाद्या स्मरणिकेंत छापली जाते, आणि दहा वर्षांनीं ‘स्थानिक परंपरा’ असें नांव धारण करून आपल्यापुढें प्रमाण म्हणून उभी राहते. यासाठीं आम्हीं ही फेरी तीन वेळां, तीन निरनिराळ्या वाटाड्यांबरोबर केली, व जें ऐकलें तें त्या त्या दिवशींच टिपून ठेविलें. वाटाड्यांचीं अगर त्यांस नेमणारांचीं नांवें येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. दोष व्यक्तींचा नसून पद्धतीचा आहे.

प्रथम परीक्षणाची मर्यादा सांगितली पाहिजे. श्रीगुरु गोविंदसिंहजींचें देहावसान सन १७०८ त नांदेड येथें झालें. महाराजा रणजितसिंह यांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ या काळांत तेथें सचखंड श्रीहजूरसाहिबाची वास्तु उभी राहिली. आणि २००८ सालीं गुरुतागद्दीची त्रिशताब्दी झाल्यापासून देशोदेशींच्या यात्रेकरूंची रीघ पूर्वीपेक्षां पुष्कळच वाढली आहे. जो श्रद्धेनें येतो, तो सचखंडापासून निघून नदीकांठचीं सर्व गुरुद्वारें वंदून परत जातो. त्याच्या वंदनाचें परीक्षण करण्याचा अधिकार कोणासच नाहीं, आम्हांस तर मुळींच नाहीं. आमचा विषय तीच स्थळें ‘ऐतिहासिक स्थळदर्शन’ या नांवाखालीं, मोबदला घेऊन, मार्गदर्शकासह दाखविणारी फेरी हा आहे. ऐतिहासिक हा शब्द ज्यानें आपण होऊन पाटीवर लिहिला, त्यास इतिहासाचे नियम लावण्यांत अन्याय होत नाहीं.

फेरीचा क्रम साधारण असा असतो. सकाळीं शहरांतील नगीना घाट व बंदा घाट. तेथून शहराबाहेर पडून हिरा घाट. मग मुगट स्टेशनाजवळील माता साहिब. तेथें लंगरांत प्रसाद. आणि दुपारच्या सुमारास परत. मुदखेड तेथून थोडक्याच अंतरावर राहतें. पण तिन्ही वेळां त्या गांवाचा उल्लेख ‘पुढें जंक्शन आहे’ एवढ्याच शब्दांत झाला.

जें चांगलें आहे तें आधीं सांगतों. बंदा घाटावरील निवेदन तिघांचेंही उत्तम होतें. माधोदास बैराग्याचा मठ, गुरूंची व त्याची भेट, त्याचें बंदासिंह होणें, १७१० त सरहिंदचा पाडाव, व १७१६ त दिल्लीस त्याचा क्रूर वध, हा सर्व भाग वाटाड्यांनीं सनवार व क्रमानें सांगितला. एकानें तर घाटाच्या पायऱ्यांवर उभें राहून, येथून निघालेला माणूस दीड-दोन वर्षांत पंजाबांत काय करून बसला हें असें सांगितलें कीं ऐकणारे पाणी पाहण्याचें विसरून त्याच्याकडे पाहूं लागले. कथेस पुढेंमागें सनांचा आधार असला म्हणजे सांगणाराचा आवाजही बदलतो, हें आम्हीं तेथें अनुभविलें.

परंतु नगीना घाट व हिरा घाट यांवर हा गुण टिकत नाहीं. नगीना घाटाची कथा अशी कीं, एका शिखानें गुरूंस एक मोलाचा खडा अर्पण केला. गुरूंनीं तो गोदावरींत टाकला. देणारा मनांत खिन्न झाला, तेव्हां गुरूंनीं त्यास नदींत पाहून आपला खडा ओळखून काढण्यास सांगितलें. पाहतो तों पात्रांत तशाच रत्नांचे ढीग. हिरा घाटाची कथा अशी कीं, बादशहा बहादुरशहानें गुरूंस हिरा दिला. गुरूंनीं तोही नदींत टाकला. बादशहा रुष्ट झाला. मग त्यासही पाण्यांत हिऱ्यांच्या राशी दिसल्या. दोन्ही घाट एकाच सकाळीं, तासाभराच्या अंतरानें दाखविले जातात. तरी दोन्ही कथांचें बीज एकच आहे ही गोष्ट तीनही वाटाड्यांपैकीं एकानेंही बोलून दाखविली नाहीं. श्रोत्यांच्या लक्षांत ती आल्यावांचून राहत नाहीं. आमच्या शेजारीं बसलेल्या एका शाळकरी मुलीनें वडिलांस हळूच विचारलें, ‘मघाचीच गोष्ट ना?’ वडिलांनीं तिला गप्प केलें.

तिला गप्प करण्याचें कारण नव्हतें. तिचा प्रश्नच संशोधनाचा आरंभ आहे, आणि त्याचें उत्तर या प्रांतांतच पडलेलें आहे. नामदेव व परिसा भागवत यांची कथा कोणा मराठी माणसास ठाऊक नाहीं? परिसा भागवताच्या घरचा परीस त्याची बायको कमळजा हिच्याकडून राजाईच्या हातीं आला. नामदेवांनीं तो चंद्रभागेंत टाकला. परिसा भागवत मागूं आला तेव्हां नामदेवांनीं पाण्यांतून ओंजळभर खडे काढून पुढें केले, व ते सगळेच परीस निघाले. महिपतीनें शके १६८४ त पुरा केलेल्या भक्तविजयामुळें ही कथा घरोघर गेली. नामदेवांच्या नांवाशीं परंपरेनें जोडलेली नरसी नांदेडापासून फार लांब नाहीं. नामदेवांचीं एकसष्ट पदें शिखांच्या श्रीगुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत. विरक्त पुरुषानें रत्न नदीस अर्पावें व नदीनें तें सहस्रपट करून दाखवावें, ही कल्पना भीमेच्या कांठीं व गोदेच्या कांठीं अशी दोन ठिकाणीं वसलेली आहे, आणि दोन्ही कांठांस जोडणारा एक संत मध्यें उभा आहे. कोणीं कोणापासून घेतली हा निर्णय आम्ही येथें करीत नाहीं. तशी घाई करणें हेंही वाटाड्याच्याच जातीचें होईल. परंतु एवढी सामग्री हाताशीं असतां ती न सांगतां, दोन्ही घाटांवर तीच कथा जणूं पहिल्यानेंच सांगत आहों अशा स्वरांत सांगणें, म्हणजे श्रोत्याच्या बुद्धीचा अधिक्षेप आहे. श्रद्धेस या तुलनेनें धक्का बसतो असें आम्हांस वाटत नाहीं. पंढरीच्या वारकऱ्यास परिसाची कथा खरी मानण्यासाठीं गोदावरीकडे डोळेझांक करावी लागत नाहीं.

आतां मुख्य दोषाकडे येतों. सन १७०८ त नांदेडास काय घडलें, याविषयीं समकालीन व निकटकालीन साधनें अगदींच थोडीं नाहींत. मुन्तखब-उल्-लुबाबाचा कर्ता खाफीखान शिखांविषयीं अनुदार लिहितो. तरी गुरु दोन-तीनशें स्वार व कांहीं पायदळ यांसह बादशहाच्या लष्कराबरोबर आले, पुढें दोन-तीन महिन्यांनीं कट्यारीच्या जखमेनें त्यांचा अंत झाला, व मारणाराचा शोध लागला नाहीं, इतकें तो नमूद करतो. बादशाही दरबारच्या अखबारातांत त्याच वर्षाच्या नोंदी आहेत. जमशेदखान अफगाण हा गुरूंच्या हातून मारला गेला म्हणून त्याच्या मुलास शोकाची खिलत दिल्याची एक नोंद आहे; आणि गुरूंच्या मागें राहिलेल्या मालमत्तेविषयीं दरबारांत प्रश्न निघाला असतां, फकिराच्या धनाची आम्हांस गरज नाहीं, अशा आशयाचा हुकूम बादशहानें दिल्याची दुसरी. या नोंदी गंडासिंह यांनीं उजेडांत आणल्यास बरीच वर्षें लोटलीं. सेनापति कवीचें श्रीगुरसोभा हें काव्य गुरूंच्या अखेरच्या दिवसांविषयीं शिखांच्या बाजूचें जुनें साधन होय. त्याची रचना १७११ ची कीं १७४१ ची हा वाद आहे, व त्या वादावर त्याची साक्ष किती निकटची मानावी हें अवलंबून आहे.

हीं सर्व साधनें एकमेकांशीं पूर्ण जुळत नाहींत. खाफीखानास मारेकरी माहीत नाहीं. अखबारातांत एक नांव आहे, पण त्या नोंदीचा या घटनेशीं संबंध अनुमानानें जोडावा लागतो. पुढच्या परंपरांत नांवें व हेतु वाढत गेले आहेत. सरहिंदच्या वजीरखानाचें प्रोत्साहन, जुनें खासगी वैर, असे निरनिराळे धागे त्यांत आहेत. मग वाटाड्यानें काय करावें? आम्हीं ऐकलेल्या एकानें मारेकऱ्याचें नांव, त्याचा धनी व त्याचा हेतु हीं तिन्ही निःशंकपणें सांगितलीं. दुसऱ्यानें नांव दुसरेंच सांगितलें, निःशंकपणा मात्र तोच. तिसऱ्यानें नांव न घेतां एका सबंध जातीवर ठपका ठेवला, व गाडींतील एक म्हातारे गृहस्थ, जे त्याच धर्माचे होते, तें ऐकून खिडकीबाहेर पाहत राहिले. हा प्रकार केवळ अज्ञानाचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. तीनशें वर्षांपूर्वींच्या एका घावाचा हिशेब आजच्या सहप्रवाशाकडे मागणें, तोही जेथें मूळ कागदच बोलतांना अडखळतात अशा ठिकाणीं, हें इतिहासकथन नव्हे. ‘कागद असे सांगतात, परंपरा असें सांगते, व या दोहोंत अमुक ठिकाणीं मेळ बसत नाहीं’ हें वाक्य म्हणण्यास अर्धें मिनिट लागतें.

याहून एक साधी गोष्ट राहून जाते, ती स्थळांच्या विस्ताराची. सचखंड शहरांत, हिरा घाट व माता साहिब कित्येक किलोमीटर दूर, शिकार घाट आणखी निराळ्या दिशेस. हीं स्थळें इतकीं पांगलेलीं कां, हा प्रश्न प्रत्येक डोळस प्रवाशास पडतो. वाटाडे सांगतात कीं गुरु येथें शिकारीस येत, तेथें निवास करीत. तें परंपरेस धरून आहे व त्यास आमचा विरोध नाहीं. पण बादशहाची छावणी म्हणजे एक चालतें शहर असे. बहादुरशहा या वेळीं आपला भाऊ कामबक्ष याजवर निघाला होता, आणि कामबक्ष पुढें जानेवारी १७०९ त हैदराबादेजवळ पडला. अशी फौज पावसाळ्याच्या अखेरीस गोदावरीच्या कांठीं येऊन राहिली म्हणजे तिचे तळ, बाजार, जनावरांचीं कुरणें व नदी उतरण्याचीं ठिकाणें कोसच्या कोस पसरणारच. नांदेड हें त्यासाठीं आडगांवही नव्हतें. सन १६३६ च्या सुमारास मोगलांनीं दक्षिणेचा मुलूख चार सुभ्यांत बांधला तेव्हां तेलंगण सुभ्याचें मुख्य ठिकाण नांदेड, व त्यांतील मुख्य किल्ला कंधार, अशी व्यवस्था होती. हें ध्यानांत घेतलें म्हणजे मुगटपर्यंत पसरलेल्या पुण्यस्थळांचा नकाशा हा एका छावणीच्या स्मृतीचाही नकाशा असावा, असा तर्क सुचतो. तो सिद्ध झालेला नाहीं. तरी तो गाडींत बसलेल्या माणसापुढें मांडण्याजोगा खासच आहे, कारण तो खिडकींतून दिसणाऱ्या जमिनीवरच पडताळून पाहावयाचा आहे.

माता साहिब येथें आम्हांस बरें वाटलें. माता साहिब देवान या गुरूंबरोबर नांदेडापर्यंत आल्या, येथें त्यांचा मुक्काम होता व लंगराची सेवा त्यांजकडे होती, आणि पुढें त्या दिल्लीस गेल्या, हें तेथील सेवेकऱ्यानें आम्हांस चार वाक्यांत सांगितलें व ‘आमच्याकडे असें मानतात’ हे शब्द आपण होऊन जोडले. तीनही फेऱ्यांत ऐकलेलें हें सर्वांत प्रामाणिक निवेदन होय, आणि तें पगारी वाटाड्याचें नव्हतें.

आतां फेरी जें दाखवीत नाहीं त्याविषयीं. मुदखेड तालुक्यांतच गोदातीरीं शंखतीर्थ हें गांव आहे व तेथें नृसिंहाचें जुनें दगडी देवालय आहे. ‘ऐतिहासिक स्थळदर्शन’ म्हणून मुगटपर्यंत आलेली गाडी तेथून मागें वळते. वाटाड्यांस कारण विचारतां एकानें वेळ नाहीं म्हणून सांगितलें, दुसऱ्यानें ‘तिकडे कोणी विचारीत नाहीं’ म्हणून. दुसरें उत्तर अधिक खरें आहे व अधिक चिंतेचेंही. जें कोणी विचारीत नाहीं त्यास प्रथम चुना लागतो, मग तैलरंग, मग फरशी. वीरगळ शेंदरानें इतका भरतो कीं त्यांतील घोडा व स्वार वेगळे ओळखतां येत नाहींत. जीर्णोद्धार करणारांची भक्ति निःसंशय असते, पण खांबावरील ओळींत अक्षर होतें कीं नक्षी, हें त्यानंतर कोणीच सांगूं शकत नाहीं. या जिल्ह्यांत अक्षरें थोडीं नाहींत. होट्टलच्या देवालयांभोंवतीं चालुक्यकालीन लेख आहेत. रित्ती व शेळके यांनीं १९६८ त नांदेड जिल्ह्यांतील कोरीव लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो हातीं घेऊन निघणारा एकही वाटाडा आम्हांस भेटला नाहीं. तो संग्रह गाडींत ठेवण्यास खर्च किती येईल?

कागदांची स्थिति दगडांहून नाजूक. काशीस व्याकरणांत नामांकित झालेल्या शेष घराण्याचें मूळ नांदेडास सांगतात. गोदातीर हा पोथ्यांचा प्रदेश आहे. मठांत, उपाध्यांच्या घरीं, जुन्या देशमुखी-देशपांड्यांच्या वाड्यांत बाडें असावयाचीं. राजवाड्यांनीं ज्ञानेश्वरीची जी प्रत १९०९ त छापून काढिली ती बीडकडील पाटांगणाहून मिळविलेली होती. त्या काळीं मराठवाड्यांत हिंडणाऱ्या संशोधकास अर्ध्या दिवसांत परत येण्याची सोय नव्हती, हा कदाचित् आपल्या वाङ्मयावर उपकारच झाला. हल्लींच्या फेरींत वीस माणसें एका गांवांत उतरतात, पाऊण तास राहतात, व त्यांपैकीं एकही ‘येथें कोणाकडे जुनीं बाडें आहेत काय’ असें विचारीत नाहीं. विचारलें असतें तर कदाचित् रद्दीच्या टोपल्यांतील एखादें पान बाहेर राहिलें असतें.

कोणी म्हणेल कीं अर्ध्या दिवसांत इतकें कसें बसावें. वेळ थोडा आहे हें आम्हांस मान्य आहे. पण थोडा वेळ कसा घालवावा हाच मार्गदर्शनाचा प्रश्न आहे. दौलताबादेस ‘अंधेरी’ नांवाच्या भुयारी वाटेंत दिवा फिरवून वाटाडे प्रवाशांस चकित करतात. त्या चमत्काराखालीं किल्ल्याचा बाकीचा सर्व इतिहास बुजतो, आणि घरीं गेलेला मनुष्य देवगिरीच्या यादवांविषयीं नव्हे तर अंधाराविषयीं बोलतो. कंधारासही आतां अशाच धांवत्या फेऱ्या जातात. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण (९३९–९६७) याच्या काळचा तेथें सांपडलेला लेख, पाण्यानें भरलेला खंदक, हाजी सय्याह सरवर यांचा दर्गा, यांतील एकेकास एक तास पुरत नाहीं; तरी बहुतेक सर्व वेळ एका प्रचंड मूर्तीच्या तुटलेल्या पावलाशेजारीं आपलें पाऊल ठेवून छायाचित्र काढण्यांत जातो. मूर्ति कोणाची, तुटली केव्हां, तिचे बाकीचे अवयव कोठें पडले आहेत, हें कोणी सांगत नाहीं, व कोणी विचारीतही नाहीं.

मुदखेडच्या बाबतींत आमची सूचना अगदीं लहान आहे. मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाल्यापासून गोदेच्या या बाजूस जाणें सोपें आहे, व मुदखेडाहूनच आदिलाबादकडे फांटा फुटतो. तेव्हां फेरी उलट करावी. सकाळच्या गाडीनें मुदखेडास उतरावें; प्रथम शंखतीर्थ; नंतर माता साहिब व हिरा घाट; आणि शेवटीं नांदेडचे घाट व सचखंड. अंतर वाढतें तें थोडें, पण दगडाचा काळ आधीं व १७०८ नंतर, असा क्रम आपोआप लागतो. शिवाय हिरा घाट व नगीना घाट यांच्यामध्यें वाटेचा तास मोकळा मिळतो, त्यांत परिसा भागवताची कथा सांगून होते.

वाचकांपैकीं जे ही फेरी करतील त्यांस एक विनंति. वाटाड्यानें जें सांगितलें तें त्याच्याच शब्दांत, तिथीसह लिहून आमच्याकडे पाठवावें. तें खोटें असलें तरी चालेल, कारण कथा कोणत्या सालीं कोणत्या रूपांत सांगितली जात होती हेंही पुढें उपयोगी पडतें. आमच्या तीन टांचणांपैकीं एकांत हिरा घाटावर बादशहाऐवजीं एक व्यापारी आला आहे, व दुसऱ्यांत हिऱ्याच्या जागीं नगीना हाच शब्द पडला आहे. तिसरें टांचण पावसानें भिजलें. त्यांतील हिरा घाटाचा मजकूर वाचतां येतो, नगीना घाटाचा येत नाहीं. तो भाग कोणाजवळ असल्यास अवश्य कळवावा.